गोव्याला नाही, गोयाला! (बाबांसोबत सारागोसा, फुएन्देतोदोस आणि माद्रिद)

आधी एक क्लिअर करते, आम्ही गोव्याला गेलो नव्हतो. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी नगरच्या काकूला फोन करून सांगितलं की गोयासाठी चाललोय, काकूने ऐकलं गोव्याला चाललोय, "मग येताना काजू आणा" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. कानाला मशीन बाबांच्या आणि ऐकण्यात घोळ काकूचा, असं आमचं घर.

तर गोया म्हणजे फ्रान्सिस्को गोया, स्पेनच्या राजाचा दरबारी चित्रकार. बाबा ३१ वर्षं शाळेत ड्रॉइंगचे सर होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली त्याची गणती नाही, आणि त्यांच्या कपाटात एक जुनं पुस्तक आहे ज्यात गोयाचं '३ मे १८०८' छापलंय, काळंपांढरं, पोस्टकार्डाएवढं. ते चित्र खरं बघायचं एवढीच त्यांची इच्छा होती, बाकीचं सगळं मी वाढवलं. मार्चचा पहिला आठवडा, सहा दिवस, मी आणि बाबा (वय ७४). व्हिसा-विमान वगैरे सोडून देते, ते सगळ्यांना पाठ आहे.

दिवस १ – टोपी

माद्रिदला उतरून थेट अतोचा स्टेशन आणि तिथून हायस्पीड ट्रेनने सव्वा तासात सारागोसा, गोया लहानाचा मोठा झाला ते शहर. तिथले लोक मात्र 'थारागोथा' म्हणतात, बाबांनी ते दिवसभर घोकलं आणि संध्याकाळी हॉटेलवाल्या मुलीला ऐकवलं, ती हसली आणि मग सावकाश इंग्रजीत बोलायला लागली.

संध्याकाळी एब्रो नदीवरच्या दगडी पुलावर गेलो. समोर पिलारची बासिलिका (भलंमोठं चर्च), तिचे घुमट, मागे गुलाबी आभाळ, एकदम कॅलेंडर. फोटो काढायला म्हणून मी मोबाईल वर केला आणि बाबांची नवीकोरी टोपी, खास या ट्रिपसाठी घेतलेली, डोळ्यादेखत उडून नदीत. या वाऱ्याला तिथे सिएर्सो म्हणतात, वायव्येकडून येतो, कोरडा, बोचरा, आणि अजिबात थांबत नाही. शेवटी बॅगेतून माकडटोपी निघाली (माझा विरोध असताना आणलेली) आणि पुढचे पाच दिवस ती डोक्यावरून उतरली नाही. त्यात गंमत अशी की कानाच्या मशीनवर टोपी आली की मशीन शिट्टी मारतं. म्हणजे बाबा कुठे आहेत हे मला न बघता कळायचं.

टीप: मार्चमध्ये सारागोसाला जात असाल तर तापमान बघून कपडे भरू नका, वारा बघून भरा. १२ डिग्री म्हणजे तिथे आपल्याला ४-५ वाटतं. आणि छत्री नेऊ नका, ती टिकणार नाही.

दिवस २ – मेव्हणा

सकाळी पिलार. चर्च म्हणण्यापेक्षा आख्खं गावच आहे आत, लग्नाचं बोलायला आलेली माणसं, शाळेची पोरं, आणि मागच्या बाजूला त्या पवित्र खांबाचं चुंबन घ्यायला लागलेली रांग. तिथल्या छोट्या कॉयरच्या (गाणाऱ्यांच्या जागेच्या) छतावर गोयाने १७७२ मध्ये काम केलंय, वय २६. आणि एका घुमटात १७८१ चं 'रेजिना मार्तिरुम'. या दुसऱ्यावरून रामायण झालं. तिथल्या सगळ्या कामावर देखरेख होती फ्रान्सिस्को बायेऊ नावाच्या चित्रकाराची, म्हणजे गोयाच्या बायकोचा भाऊ, सख्खा मेव्हणा. मेव्हणा गुळगुळीत काम करणारा, आणि गोयाने घुमटात मोकळे, ढोबळ फटकारे मारलेले, खालून ७०-८० फुटांवरून कोणाला फिनिशिंग दिसणारे असा त्याचा हिशोब. चर्चच्या कमिटीला ते पटलं नाही, पुढची स्केचेस नाकारली, दुरुस्त्या सांगितल्या. गोया माद्रिदला परत गेला तो चिडूनच, आणि मित्राला पत्र लिहिलं की सारागोसा आणि पेंटिंग आठवलं की जिवंत जळतो मी.

बाबा मान वर करून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "अगं, इन्स्पेक्शन म्हटलं की असंच. माझ्या वर्गातले तक्ते बघून एकदा साहेब म्हणाले होते रेघा सरळ नाहीत. झाडाच्या रेघा!"

तिथेच एका भिंतीवर दोन बॉम्ब टांगलेत, खरेखुरे. ऑगस्ट १९३६ मध्ये यादवी युद्धात चर्चवर पडले आणि फुटले नाहीत. एक आजोबा आपणहून आमच्याजवळ आले, बॉम्बकडे बोट दाखवलं, मग वर छताकडे, मग हाताने छातीवर क्रॉस केला. बाबांनीही नमस्कार केला. दोघांचं एकमेकांशी पाच मिनिटं मस्त जमलं, भाषा शून्य.

दुपारी गोया म्युझियम. इथे त्याच्या एचिंग्जच्या (तांब्याच्या प्लेटवर अॅसिडने कोरून छापलेल्या चित्रांच्या) सगळ्या मालिका आहेत आणि अंधाऱ्या खोल्यांमध्ये बारीक उजेडात लावल्यात. गर्दी नाही. मी एका तासात बाहेर येऊन कॉफी प्यायले, बाबा अडीच तास आत.

जेवणाचं सांगते, कारण बाबा शाकाहारी आणि स्पेनमध्ये 'मांस नको' म्हटलं तरी हॅमचे तुकडे येतातच, त्यांच्या मते हॅम म्हणजे मांस नव्हे, मिठासारखं काहीतरी. पण आरागोन प्रांतात 'बोर्राखा' नावाची भाजी मिळते, लांब देठांची, बटाट्याबरोबर उकडून वरून ऑलिव्ह ऑइल. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, माठाची देठं! दुसऱ्या दिवशी परत तीच मागवली.

दिवस ३ – फुएन्देतोदोस, आणि माझी चूक

गोयाचं जन्मगाव. सारागोसापासून साधारण ४५ किमी, बस फार कमी, म्हणून टॅक्सी ठरवली. रस्ता बराचसा उजाड माळ, पवनचक्क्या, मधूनच बदामाची झाडं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेली. बाबा म्हणाले हा तर पारनेर-शिरूरचा पट्टा वाटतोय, फक्त बाभळीच्या जागी बदाम.

चूक अशी की आम्ही पोचलो दोनला. आणि दुपारी सगळं बंद. जन्मघर बंद, म्युझियम बंद, रस्त्यावर एक मांजर. गावाची वस्ती दीडशेच्या आसपास, त्यातलं बाहेर कोणी नाही. वेळा वेबसाइटवर लिहिलेल्या होत्या, मी वाचल्या नव्हत्या, बाबा काही बोलले नाहीत आणि ते जास्त लागलं. ड्रायव्हरने खांदे उडवले आणि आम्हाला बारमध्ये नेलं.

आणि खरं सांगू का, ट्रिपमधली सगळ्यात छान दुपार तीच. बारवाल्या बाईंना मी फोनवर ट्रान्सलेट करून दाखवलं, मांस नाही, मासे नाहीत, हॅमसुद्धा नाही. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि 'मिगास' आणलं. शिळ्या पावाचा चुरा, लसूण, तेल, आणि वर ताजी द्राक्षं. एरवी त्यात सॉसेज असतं. ही चक्क फोडणीची पोळी हो! फक्त हळद नाही आणि द्राक्षं आगाऊ. बाबांनी दोन वेळा घेतलं.

जेवताना मी विचारलं की काल अडीच तास त्या एचिंग्जमध्ये एवढं काय बघत होता. तर त्यांनी माझी रिकामी प्लेट ओढली आणि मीठदाणीतून मीठ भुरभुरवलं. "ही तांब्याची प्लेट समज. हे मीठ नाही, राळेची पूड. खालून गरम केली की दाणे चिकटतात. आता अॅसिडात घाल. दाण्याखाली अॅसिड जात नाही, दोन दाण्यांच्या मधे जातं, तिथे तांबं खाल्लं जातं. शाई भरली की त्या बारीक खड्ड्यांमध्ये बसते आणि कागदावर करडा रंग उतरतो. जास्त वेळ ठेवलं तर काळा." मग बोटाने एक जागा पुसली. "आणि जिथे आधीच वार्निश लावलं तिथे पांढरं. म्हणजे अंधार काढायचा नाही, शिजवायचा." याला अॅक्वाटिंट म्हणतात. बारवाल्या बाई लांबून बघत होत्या, मग येऊन शांतपणे ती प्लेट घेऊन गेल्या आणि टेबल पुसलं.

चार वाजता घर उघडलं. जाड दगडी भिंती, बारक्या खिडक्या, चूल, अरुंद जिना, बस. ३० मार्च १७४६ ला गोया इथे जन्मला, पण घर आईकडच्यांचं. वडील सारागोसाचे, चर्चच्या लाकडी कामावर सोन्याचा वर्ख लावणारे कारागीर. पोराचं बालपण गेलं सारागोसातच. पुढे १९१० च्या दशकात सुलोआगा नावाच्या चित्रकाराने शोध घेऊन हे घर विकत घेतलं म्हणून टिकलं. ग्राफिक म्युझियम घराजवळच आहे, तिथे बाबांनी परत सगळ्या मालिका पाहिल्या, आता मीही मिठाचे दाणे शोधत पाहिल्या. 'लॉस काप्रिचोस' ही ८० प्रिंट्सची मालिका, १७९९ ची. पाद्री, वकील, लग्न जुळवणाऱ्या म्हाताऱ्या, गाढव झालेले वैद्य, कोणालाच सोडलं नाही. माद्रिदमध्ये अत्तर आणि दारूच्या दुकानात विक्रीला ठेवली होती, संचाची किंमत ३२० रेआल, थोड्याच दिवसांत मागे घेतली. नंतर १८०३ मध्ये सगळ्या प्लेट्स राजाला देऊन टाकल्या आणि बदल्यात मुलाला पेन्शन लावून घेतली. हुशार माणूस.

गावाबाहेर एक बर्फाची विहीर आहे, वर दगडी घुमटी. हिवाळ्यात बर्फ आत टाकून गवताच्या थरांत दाबायचा आणि उन्हाळ्यात कापून सारागोसाला विकायचा. टॅक्सीवाला म्हणाला हे बघितल्याशिवाय जायचं नाही, नाहीतर आम्हाला पत्ताच नव्हता. निघताना बारमधून पाव किलो बदाम घेतले.

टीप: सोमवारी जाऊ नका, दुपारी २ ते ४ जाऊ नका. टॅक्सीवाल्याशी थांबण्याचे पैसे आधीच बोला.

दिवस ४ – माग

सकाळच्या ट्रेनने माद्रिद. अतोचाजवळच राजघराण्याचा गालिचे-टॅपेस्ट्रीचा कारखाना आहे, १७२१ साली सुरू झालेला, अजून चालू. टूर आधी बुक करावी लागते. लाकडी माग, रंगीत लोकरीच्या रिळांच्या भिंती, आणि मागावर बसलेल्या बायका, एकीच्या कानात इयरफोन. टॅपेस्ट्री उलट बाजूने विणतात, म्हणजे विणणाऱ्याला मागचे धागे दिसतात आणि समोर काय झालंय ते जाऊन बघावं लागतं.

गोयाची दरबारी नोकरी इथून सुरू झाली. १७७५ पासून तो या कारखान्यासाठी 'कार्टून' काढायचा, म्हणजे विणायच्या आकाराचं पूर्ण ऑइल पेंटिंग, त्यावरून कारागीर विणणार आणि ते राजवाड्याच्या भिंतीला लागणार. अशी साठेक चित्रं त्याने काढली. त्यातलं एक, आंधळ्या गिटारवाल्याचं, कारखान्याने परत पाठवलं, एवढी माणसं आणि एवढे बारकावे विणता येत नाहीत म्हणून. बाबा खूश. "म्हणजे इथेही इन्स्पेक्शन!"

दिवस ५ – प्राडो, वरून खाली

हे नीट लिहिते कारण याचा उपयोग होईल. माद्रिदच्या प्राडो म्युझियममध्ये गोयाची चित्रं तीन मजल्यांवर विखुरलीत आणि तुम्ही वरून खाली आलात तर त्याचं आयुष्य आपोआप क्रमाने लागतं. लिफ्टने थेट दुसऱ्या मजल्यावर जा. फोटो काढायला बंदी आहे, ते एका अर्थी बरंच.

दुसरा मजला: ती कार्टून्स. छत्रीवाली मुलगी, डोळे बांधून चाललेला खेळ, चादरीवर उडवलेला बाहुला, सगळं हसरं, रंग कसे मिठाईच्या दुकानासारखे. पण मधेच एक 'बर्फवृष्टी' आहे, १७८६ चं. तिघं जण घोंगडी डोक्यावरून ओढून वाकून चाललेत, झाड वाकलंय, कुत्रं शेपूट घालून, मागे गाढवावर मारलेलं डुक्कर. बाबांनी माकडटोपीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सिएर्सो." दुसरं एक, जखमी गवंड्याचं. दोघं जण त्याला उचलून नेतायत. याचं छोटं स्केच आहे त्यात तोच गवंडी दारू पिऊन लास आहे आणि नेणारे हसतायत. राजवाड्यात लावायच्या मोठ्या चित्रात फक्त चेहरे बदलले.

पहिला मजला: पगार वाढला. १७८६ मध्ये राजाचा चित्रकार झाला तेव्हा वर्षाला १५ हजार रेआल, आणि १७९९ मध्ये पहिला दरबारी चित्रकार झाला तेव्हा ५० हजार. पहिल्या बढतीनंतर त्याने हौसेने दोनचाकी घोडागाडी घेतली आणि ट्रायललाच ती उलटली, हे त्याने स्वतः मित्राला लिहिलंय. या दोन बढत्यांच्या मधे, १७९२-९३ मध्ये, मोठं आजारपण आलं आणि ४६ व्या वर्षी तो पूर्ण बहिरा झाला. म्हणजे इथे समोर टांगलेलं 'चौथ्या कार्लोसचं कुटुंब' (१८००) काढताना या सगळ्या राजघराण्याचा एक शब्दही त्याला ऐकू येत नव्हता. चित्र साधारण पावणेतीन मीटर उंच, मधे राणी मारिया लुइसा, दंड उघडे, मान ताठ, बाजूला राजा, पोट आधी मग तो. एका बाईने तर तोंडच फिरवलंय, युवराजाचं लग्न अजून ठरलं नव्हतं म्हणून होणाऱ्या बायकोला चेहरा नाही असं सांगतात. आणि डावीकडे मागे अंधारात स्वतः गोया, कॅनव्हाससमोर.

"शाळेचा ग्रुप फोटो," बाबा म्हणाले. "दहावी ब." मग मला दोरीपर्यंत जवळ नेलं, राजाच्या छातीवरची पदकं बघ म्हणाले. जवळून तिथे पदक नाहीच, पिवळा-पांढरा रंग नुसता थापलाय, दोन-तीन ठिपके, एक वळसा. चार पावलं मागे आलं की चमकतं. पुढे जा, मागे ये, असं आम्ही इतक्या वेळा केलं की तिथला गार्ड हसायला लागला.

तळमजला: इथे बाबा माझ्या पुढे गेले. '२ मे' आणि '३ मे', दोन्ही १८१४ मध्ये काढलेली, नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध माद्रिद उठलं त्याची. पोस्टकार्डाएवढं चित्र आयुष्यभर बघितल्यावर समोर अडीच मीटरांहून उंच, साडेतीन मीटर लांब कॅनव्हास आला की काय होतं ते मला त्यांच्या पाठीवरून दिसलं. काळ्यापांढऱ्यात कळत नाही की तो पांढरा शर्टवाला गुडघ्यावर बसलाय आणि त्याची विजार पिवळी आहे, कंदिलाच्या उजेडाची. उभा राहिला तर सगळ्यात उंच होईल तो. गोळ्या घालणाऱ्यांचे चेहरेच नाहीत, नुसत्या पाठी. यादवी युद्धात ही दोन्ही चित्रं ट्रकमधून हलवताना वाटेत बाल्कनी कोसळून फाटली होती, २ मे जास्त. आता शोधलं तरी पटकन दिसत नाही.

आणि मग ६७ नंबरची खोली. १८१९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, गोयाने माद्रिदबाहेर घर घेतलं, 'बहिऱ्याचा मळा' नावाचं. गंमत म्हणजे ते नाव आधीच्या बहिऱ्या मालकावरून पडलेलं. तिथे त्याने घराच्या भिंतींवर थेट गिलाव्यावर १४ चित्रं काढली. कोणी सांगितली नव्हती, कोणाला दाखवली नाहीत, नावंही दिली नाहीत. पोराला खाणारा शनि (रोमन देव सॅटर्न) तुम्ही पाहिला असेल, तो यातलाच. १८७४ नंतर ती भिंतीवरून सोलून कॅनव्हासवर घेतली, पॅरिसच्या प्रदर्शनात ठेवली, नंतर प्राडोला मिळाली. घर १९०९ मध्ये पाडलं.

शाळेची एक ट्रिप आली, पोरांनी शनिसमोर कलकलाट केला, बाबांनी मशीन काढून खिशात टाकलं आणि कुत्र्यासमोर जाऊन उभे राहिले. ते चित्र म्हणजे खाली एक तपकिरी उतार, त्यातून वर आलेलं कुत्र्याचं फक्त डोकं, आणि बाकी सगळं रिकामं. मातकट पिवळं, काहीही नाही त्यात. वीस मिनिटं तरी गेली. मी जवळ गेले तर मोठ्याने बोलायला लागले, मशीन नसलं की आवाजाचा अंदाज राहत नाही.

"मी मुलांचे मार्क कापायचो गं. कागद रिकामा सोडला की पाच मार्क गेले. कागद भरा, कागद भरा म्हणून ओरडायचो."

पोरं वळून बघायला लागली. मी बाबांना बोटाने हळू म्हणून खुणावलं. त्यांनी परत चित्राकडे बघितलं आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "हा बसला नसता इंटरमिजिएटला."

टीप: संध्याकाळी ६ ते ८ (रविवारी ५ ते ७) प्राडो फुकट असतं पण रांग लांब आणि दोन तासांत काहीही होत नाही. आम्ही तिकीट काढून दहाला गेलो, मधे खाली कॅफेत बसलो, चारला बाहेर. म्हाताऱ्या माणसांसोबत असाल तर बाकांवर बसत बसत करा, घाई नको.

दिवस ६ – डोकं नसलेला माणूस

परतीचं विमान रात्री होतं. सकाळी सान अंतोनियो दे ला फ्लोरिदा, प्रिन्सिपे पिओ मेट्रोपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. छोटं पांढरट चॅपल, शेजारी त्याचं हुबेहूब जुळं, ते १९२८ मध्ये बांधलं, प्रार्थना तिथे व्हाव्यात आणि मेणबत्त्यांच्या धुराने गोयाचं काम काळं पडू नये म्हणून.

आत घुमटात १७९८ चं फ्रेस्को (ओल्या गिलाव्यावर काढलेलं चित्र). विषय धार्मिक, संत अंतोनी खून झालेल्या माणसाला उठवतोय, स्वतःच्या बापावरचा खुनाचा आळ खोटा हे मेलेल्याच्याच तोंडून वदवायला. पण गोयाने घुमटाला सगळीकडून रेलिंग रंगवलंय आणि त्यामागे माद्रिदची माणसं उभी केलीत, शाली घेतलेल्या बायका, भिकारी, रेलिंगवर चढणारी पोरं, निम्म्यांचं चमत्काराकडे लक्षच नाही. खाली आरसे ठेवलेत, मान न मोडता बघता येतं. पिलारच्या घुमटात ज्यावरून भांडण झालं ते ढोबळ फटकारे इथे बिनधास्त आहेत, चेहरे अक्षरशः तीन-चार फटक्यांत. इथे चर्चची कमिटी नव्हती, काम थेट राजाचं.

आणि याच घुमटाखाली गोया पुरलाय. तो १८२४ मध्ये फ्रान्सला गेला आणि १८२८ मध्ये बोर्दोत वारला, वय ८२. साठ वर्षांनी स्पॅनिश वकिलातीने थडगं उघडलं तर कवटी गायब! कोणी नेली, आजपर्यंत पत्ता नाही. शेजारी पुरलेला मित्र आणि तो, दोघांचे अवशेष मिळून आणले, १९१९ पासून इथे आहेत. बाबा दगडावरची अक्षरं वाचत बराच वेळ उभे होते, डोक्यावर माकडटोपी, मशीन शिट्टी मारतंय, आणि तिथली बाई आवाज कुठून येतोय म्हणून सगळीकडे बघतेय.

समोरच कासा मिंगो, १८८८ पासूनचं, रोस्ट चिकन आणि साइडरसाठी (सफरचंदाची दारू) प्रसिद्ध. मी चिकन खाल्लं. बाबांनी निळं चीज आणि पाव घेतला आणि साइडर चाखून बघितली, नंतर अजून थोडी चाखली. जाण्याआधी चॅपल उघडं आहे का बघून घ्या, सोमवारी बंद असतं.

हॉटेलवरून सामान घेऊन एअरपोर्टला निघताना मुद्दाम गोया नावाच्या मेट्रो स्टेशनवरून गेलो. प्लॅटफॉर्मच्या भिंतीवर त्याच्या एचिंग्जच्या मोठ्या प्रती आहेत, लोक त्यांना पाठ टेकून मोबाईल बघत उभे. बाबा एका मुलाच्या खांद्यावरून वाकून बघत होते, त्या मुलाला वाटलं त्याचा मोबाईल बघतायत, तो सरकला. तीन गाड्या सोडल्या आम्ही. मी स्टेशनच्या पाटीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, मोठ्या अक्षरात 'गोया'.

काकूचा लगेच मेसेज, "पोचलात का गोव्याला? काजू विसरू नका."

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला, एका बोटाने टाइप केलं, "बदाम चालतील का".